विशेष मर्यादित आवृत्ती : ग्रंथाचे मूल्य आणि वाचकाचा हक्क

प्रस्तावना

ग्रंथ हा एकाच वेळी वस्तूही असतो आणि मजकूरही. वस्तू म्हणून तो कागद, शाई, दोरा आणि पुठ्ठा यांचा बनतो. तो झिजतो, हरवतो आणि एका वेळी एकाच्याच हाती राहतो. मजकूर म्हणून मात्र तो कितीही वाचकांपर्यंत पोहोचला तरी उणा होत नाही. उलट जितका वाटला जातो तितका समाजात रुजतो. ग्रंथविक्रीसंबंधीचे बहुतेक नैतिक प्रश्न ग्रंथाच्या या दुहेरी स्वरूपातून उद्भवतात. विशेष मर्यादित आवृत्तीचा प्रश्न हा त्यांपैकीच एक होय.

कापडी किंवा कातडी बांधणी, जाड कागद, प्रत्येक प्रतीवर क्रमांक, लेखकाची अथवा चित्रकाराची स्वाक्षरी आणि साध्या प्रतीच्या कित्येक पट किंमत अशा स्वरूपाच्या आवृत्त्या मराठी ग्रंथव्यवहारालाही आता अपरिचित राहिलेल्या नाहीत. त्यांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मतानुसार ग्रंथ ही प्रकाशकाची मालमत्ता असून तो कितीला विकावा हा त्याचा प्रश्न आहे. दुसऱ्या मतानुसार ज्ञान श्रीमंतांच्या कपाटात कोंडणारी प्रत्येक महागडी आवृत्ती ही अनैतिकच होय. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची मर्यादा दाखवून एक भेद मांडला आहे. मर्यादा वस्तूवर असेल तोपर्यंत अशी विक्री निर्दोष असू शकते. मर्यादा मजकुरावर पडली की ती वाचकावरील अन्याय ठरते.

हा भेद नंदुरबारसारख्या जिल्ह्यात केवळ तात्त्विक राहत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के, तर साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. येथील महाविद्यालयांत येणारे अनेक विद्यार्थी हे आपल्या घरातील पहिलेच वाचक असतात. ग्रंथ कोणाच्या हाती पडू शकतो आणि कोणाच्या हाती पडू शकत नाही, हा प्रश्न अशा ठिकाणी शिक्षणाच्या मुळाशी जाऊन भिडतो.

मर्यादेचे तीन प्रकार

प्रत्येक मर्यादित आवृत्ती हेतुपुरस्सर मर्यादित केलेली असतेच असे नाही. म्हणून प्रथम मर्यादेचे प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा तंत्राची. खिळ्यांच्या छपाईच्या काळात जुळारी एकेक खिळा जुळवून पान तयार करीत असे. फर्मा छापून झाला की तेच खिळे सुटे करून पुन्हा खणांत टाकावे लागत, कारण पुढील पानांसाठी त्यांची गरज असे. पुन्हा छापायचे म्हणजे पुन्हा जुळणी करणे आले. ताम्रपट किंवा लाकडी ठसा यांवरून घेतलेल्या प्रती वाढत गेल्या की रेषा पुसट होत. अशा काळात प्रतींची संख्या मर्यादित असणे हे मुद्रकाच्या साधनांचेच बंधन होते.

दुसरी मर्यादा अर्थकारणाची. मागणीच अल्प असल्यास प्रकाशक मोजक्या प्रती काढतो. अशा प्रती पुढे दुर्मिळ होतात, परंतु तो कोणाच्या विक्रीनीतीचा भाग नसतो.

तिसरी मर्यादा संकल्पपूर्वक घातलेली. तंत्र आणि मागणी या दोन्ही दृष्टींनी अधिक प्रती काढणे शक्य असताना प्रकाशक ठरावीक संख्येवर थांबतो आणि ते थांबणे हेच विक्रीचे कारण बनवतो. संगणकावरील अक्षरजुळणी आणि अंकीय छपाई यांमुळे आज एक प्रतदेखील मागणीनुसार छापता येते. त्यामुळे पहिली मर्यादा जवळजवळ नाहीशी झाली असून आज 'मर्यादित' हा शब्द बहुतांशी तिसऱ्या प्रकाराचाच निदर्शक आहे. नैतिक चिकित्सा करावयाची ती प्रामुख्याने याच प्रकाराची.

एकाच ग्रंथाची दोन रूपे

महाराष्ट्राच्या मुद्रणेतिहासात या चर्चेला उपयुक्त असे एक बोलके उदाहरण आहे. नाना फडणवीसांच्या मनात भगवद्गीता ताम्रपटांवर कोरून छापावी अशी कल्पना होती. त्यांच्या निधनानंतर मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये ती सिद्धीस गेली. अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणकलेच्या इतिहासावरील आपल्या १९५८ च्या ग्रंथात या प्रयत्नाची नोंद घेतली आहे. त्या गीतेचा उद्देश विक्री नसून दान हा होता. परंतु ते दान एका विशिष्ट वर्गापुरतेच मर्यादित होते. तेथे किंमत नव्हती, तरीही वाचक कोण असावा हे आधीच ठरलेले होते. मजकुरावर मर्यादा पडण्यासाठी महाग किमतीचीच आवश्यकता असते असे नाही, हे यावरून लक्षात येते.

याच गीतेचे दुसरे रूप खानदेशात सिद्ध झाले. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ती अठरा प्रवचने लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ पुढे अनेक भारतीय भाषांत गेला आणि अल्प किमतीत वाचकांच्या हाती पडत राहिला. त्याच्या प्रतीला वस्तू म्हणून फारसे मोल नाही; साधा कागद, साधी बांधणी. परंतु मजकूर म्हणून त्याने जो प्रवास केला तो मिरजेच्या ताम्रपटांना शक्य नव्हता.

याचा अर्थ ताम्रपटाची गीता निंद्य आणि साध्या कागदाची गीता वंद्य असा सरधोपट निष्कर्ष काढणे बरोबर नाही. मिरजेची ती छपाई आज मुद्रणकलेचा वारसा आहे. सुंदर वस्तू निर्माण करणे हा दोष नव्हे. दोष तेव्हा निर्माण होतो, जेव्हा त्या सुंदर वस्तूखेरीज मजकुराकडे जाणारी दुसरी वाट शिल्लक राहत नाही.

विल्यम मॉरिस यांचा पेच

आधुनिक काळातील मर्यादित आवृत्तीची चर्चा इंग्लंडमधील विल्यम मॉरिस यांच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही. मॉरिस हे कवी, कारागीर आणि निष्ठावंत समाजवादी होते. यंत्रयुगातील कुरूप पुस्तकांना उत्तर म्हणून त्यांनी १८९१ मध्ये केल्म्स्कॉट मुद्रणालय सुरू केले. ते १८९८ पर्यंत चालले. हातकागद, स्वतः रेखलेली अक्षरे आणि हातयंत्रावरील छपाई ही त्याची वैशिष्ट्ये होत. १८९६ मध्ये तेथून निघालेल्या चॉसर यांच्या समग्र ग्रंथाच्या ४२५ प्रती कागदावर आणि १३ प्रती चर्मपत्रावर छापण्यात आल्या. कागदी प्रतीची किंमत २० पौंड, तर चर्मपत्रावरील प्रतीची १२० गिनी होती. ज्या कामगारांच्या मुक्तीसाठी मॉरिस सभांतून बोलत, त्या कामगाराला ती प्रत घेणे अशक्य होते. हा विरोधाभास त्यांच्या टीकाकारांच्या नजरेतून सुटला नाही.

तथापि मॉरिस यांच्याच दुसऱ्या ग्रंथाचा दाखला या पेचातून बाहेर पडण्याचा मार्ग दाखवतो. 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' ही त्यांची आदर्श समाजाची कथा १८९० मध्ये 'कॉमनवील' या समाजवादी साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. १८९१ मध्ये तिचे साधे, स्वस्त पुस्तक निघाले आणि त्यानंतर केल्म्स्कॉटची देखणी आवृत्ती आली. साप्ताहिक, साधे पुस्तक आणि विशेष आवृत्ती असा हा क्रम पाहता, ज्याला विशेष प्रत घेता आली नाही तो मजकुरापासून वंचित झाला नाही असे म्हणता येते. चॉसर यांचे काव्यही इतर साध्या आवृत्त्यांतून उपलब्ध होतेच. मॉरिस यांच्यावरील आक्षेप त्यामुळे संपूर्णतः निरस्त होत नाही, पण त्याची धार निश्चितच कमी होते.

भारताच्या संविधानाचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांच्या हस्ताक्षरातील आणि नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवलेल्या मूळ प्रतीवरून डेहराडून येथील भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मुद्रणालयात सुमारे एक हजार प्रती छापण्यात आल्या. त्यांपैकी एक प्रत २०२४ मध्ये लिलावात ४८ लाख रुपयांना विकली गेली. या विक्रीमुळे संविधान महाग झाले असे कोणीही म्हणणार नाही. तोच मजकूर शासनाने प्रसिद्ध केलेल्या मराठी आवृत्तीत अल्प किमतीत मिळतो आणि त्याची उद्देशिका शालेय पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापलेली असते. येथे वस्तू दुर्मिळ आहे, मजकूर मात्र सर्वांचा आहे.

किंमत कशी ठरते

विशेष आवृत्तीच्या किमतीविषयी बोलताना ग्रंथनिर्मितीचा हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. ग्रंथाचा खर्च दोन प्रकारचा असतो. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रे आणि छपाईच्या प्लेटा यांचा खर्च प्रतींच्या संख्येवर अवलंबून नसतो. कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च मात्र प्रत्येक प्रतीमागे येतो. समजा, एखाद्या ग्रंथाचा स्थिर खर्च ८०,००० रुपये आहे. हजार प्रती काढल्यास तो प्रतीमागे ८० रुपये पडतो. शंभरच प्रती काढल्यास ८०० रुपये पडतो. म्हणून अल्प संख्येची प्रत महाग असणे हे आपोआप नफेखोरीचे लक्षण ठरत नाही.

हाच हिशेब पुढे नेल्यास एक वेगळी शक्यता दिसते. साध्या प्रतीचा कागद-बांधणीचा खर्च १०० रुपये आणि विशेष प्रतीचा ७०० रुपये मानू. शंभर विशेष प्रती प्रत्येकी २,५०० रुपयांना विकल्या तर २,५०,००० रुपये जमा होतात आणि त्यांचा खर्च ७०,००० रुपये वजा जाता १,८०,००० रुपये उरतात. त्यांतून ८०,००० रुपयांचा सर्व स्थिर खर्च भागवला तर हजार साध्या प्रतींचा निर्मितिखर्च प्रतीमागे १८० रुपयांवरून १०० रुपयांवर येतो, आणि तरीही विक्रेत्याचे कमिशन व लेखकाचे मानधन यांसाठी एक लाख रुपये शिल्लक राहतात. म्हणजेच ऐपतदार संग्राहकाने मोजलेल्या अधिक किमतीतून सामान्य वाचकाची प्रत स्वस्त होऊ शकते. विशेष आवृत्तीचे हे सर्वांत सबळ नैतिक समर्थन होय. मात्र ते साधी आवृत्ती प्रत्यक्षात निघाली तरच लागू पडते.

याच्या विरुद्ध दिशेचा विचार मायकेल सँडेल यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पैशाने काय विकत घेऊ नये या विषयावरील आपल्या ग्रंथात केला आहे. बाजारावरील आक्षेप दोन प्रकारचे असतात असे ते दाखवतात. एक आक्षेप न्याय्यतेचा, म्हणजे ज्यांच्याजवळ पैसा नाही ते वंचित राहतात हा. दुसरा मूल्यऱ्हासाचा, म्हणजे विक्रीला काढल्याने त्या गोष्टीचे मूळ स्वरूपच बिघडते हा. विशेष आवृत्तीला हे दोन्ही आक्षेप लावून पाहता येतात. साधी आवृत्ती नसेल तर पहिला आक्षेप लागू होतो. आणि ग्रंथ वाचण्यासाठी नव्हे तर वेष्टण न फोडता पुढे अधिक किमतीला विकण्यासाठी घेतला जाऊ लागला तर दुसरा. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडताना ग्रंथाच्या उपयोगाला पहिले स्थान दिले. कधीच न उघडली जाणारी प्रत ही त्या सिद्धान्ताच्या कसोटीवर ग्रंथ राहते काय, याचा विचार अभ्यासकांनी अवश्य करावा.

कायद्याची भूमिका

या प्रश्नाकडे भारतीय कायद्याने थेट लक्ष दिलेले नसले तरी वर मांडलेला वस्तू आणि मजकूर यांतील भेद त्याला अपरिचित नाही.

ग्रंथ वितरण अधिनियम, १९५४ अन्वये प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत आपल्या ग्रंथाची प्रत स्वखर्चाने कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावयाची असते. मुंबईचे एशियाटिक सोसायटीतील ग्रंथालय हे त्यांपैकी एक. राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावयाची प्रत ही त्या ग्रंथाच्या उत्तमोत्तम प्रतींसारखी, सर्वांत चांगल्या कागदावरील असली पाहिजे. इतर ग्रंथालयांना मात्र ज्या कागदावर सर्वाधिक प्रती छापल्या असतील ती प्रत चालते. उत्तम प्रत आणि बहुसंख्य प्रत असे दोन स्तर कायद्याने मान्य केले आहेत, आणि त्यांतील उत्तम प्रतदेखील सार्वजनिक ग्रंथालयात असावी असा आग्रह धरला आहे, ही बाब लक्षणीय आहे.

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मधील तरतुदीही येथे उपयुक्त ठरतात. प्रसिद्ध झालेला ग्रंथ पुन्हा छापण्यास हक्कधारकाने नकार दिल्यामुळे तो लोकांपासून दुरावला असेल तर कलम ३१ अन्वये सक्तीचा परवाना मागता येतो. कलम ३२अ अन्वये एखादी आवृत्ती ठरावीक मुदतीनंतर देशात उपलब्ध नसेल, किंवा अध्यापनाच्या कामासाठी वाजवी किमतीत मिळत नसेल, तर ती छापण्याचा परवाना मिळू शकतो. म्हणजे अनुपलब्धता आणि अवाजवी किंमत या दोहोंची कायद्याने दखल घेतली आहे. या मार्गाने जाण्यास लागणारा वेळ आणि श्रम पाहता सामान्य वाचकाला तो सुलभ नाही, हेही तितकेच खरे.

स्वामित्वहक्काला मुदत आहे, हे वाचकाचे आणखी एक संरक्षण. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांसाठी खुले होते. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यामुळे १९३५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' २०११ पासून कोणालाही छापता येते. उद्या कोणी तिची सोनेरी कडांची शंभर प्रतींची आवृत्ती काढली तरी त्याने कोणाचे नुकसान होणार नाही, कारण साध्या प्रतीची वाट कोणालाही अडवता येणार नाही. धोका असतो तो हयात किंवा नुकत्याच दिवंगत झालेल्या लेखकांच्या ग्रंथांबाबत, जेथे वाटेचा दरवाजा एकाच हक्कधारकाच्या हाती असतो.

विक्रीच्या पद्धतीविषयीही कायदा आता अधिक स्पष्ट झाला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर निर्बंध घातले. त्याच अधिनियमाखाली २०२३ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, आंतरजालावरील विक्रीत खोटी तातडी निर्माण करणे हा अनुचित प्रकार मानला आहे. केवळ शेवटच्या काही प्रती शिल्लक असल्याचे सांगून प्रत्यक्षात छपाई चालूच ठेवणारा विक्रेता केवळ शिष्टाचार मोडत नाही, तर ग्राहकाची फसवणूक करतो.

मजकूर ज्यांच्याकडून आला त्यांचा वाटा

विशेष आवृत्तीचा आणखी एक पैलू आदिवासी जिल्ह्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. देखण्या, हाताने छापलेल्या ग्रंथांत आदिवासी कलेला मोठी मागणी आहे. चेन्नईच्या तारा बुक्स या संस्थेने २००६ मध्ये काढलेले 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे पुस्तक हातकागदावर रेशमी जाळीच्या साहाय्याने हाताने छापलेले असून त्याच्या प्रतींवर क्रमांक असतात. भज्जू श्याम, दुर्गा बाई आणि राम सिंह उर्वेती या गोंड चित्रकारांची नावे त्याचे कर्ते म्हणून दिलेली आहेत. त्याच संस्थेने रमेश हेंगाडी आणि इतर वारली चित्रकारांसमवेत काढलेले 'डू!' हे पुस्तक आपल्या राज्यातील कलेशी निगडित आहे. 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज'ची पुन्हा पुन्हा छपाई झाली आहे. क्रमांक घातला म्हणून दार कायमचे बंद करावेच लागते असे नाही, हा या उदाहरणाचा धडा होय. क्रमांक हा हाताच्या कामाची खूण म्हणून राहतो, टंचाईची घोषणा म्हणून नव्हे.

या प्रकारात विचारावयाचा प्रश्न असा की, ज्यांच्या भिंतीवरून, गाण्यांतून आणि कथांतून तो ग्रंथ आला त्यांना श्रेय, मोबदला आणि प्रत या तीन गोष्टी मिळाल्या काय? कायदा येथे अपुरा पडतो. स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ५३अ अन्वये मूळ चित्र किंवा मूळ हस्तलिखित १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास कर्त्याला त्या किमतीत कमाल १० टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. परंतु हा हक्क मूळ कृतीपुरताच आहे. छापलेली विशेष प्रत दहापट किमतीला पुन्हा विकली गेली तरी कर्त्याला काही मिळत नाही. आणि समूहाने पिढ्यान्पिढ्या जपलेल्या मौखिक परंपरेला तर या कायद्यात कर्ताच सापडत नाही. म्हणूनच जेथे कायद्याचे हात पोहोचत नाहीत, तेथे प्रकाशकाची आणि संकलकाची नीती हाच आधार उरतो.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण येथे आठवते. निरक्षर शेतकरी स्त्रीच्या तोंडची गाणी १९५१ मध्ये तिच्या निधनानंतर, १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि घरोघर, शाळाशाळांतून पोहोचली. ती केवळ रसिकांच्या संग्रहासाठी मोजक्या प्रतींत निघाली असती तर तिचे देखणेपण वाढले असते. परंतु उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये जिचे नाव लाभले ती बहिणाबाई लोकांना ठाऊक झाली असती काय, याची शंका आहे. आज नंदुरबार जिल्ह्यात भिलीची देहवाली, मावची, पावरी अशी रूपे बोलली जातात. शहाद्याच्या वाहरू सोनवणे यांच्यासारख्या कवींनी या मातीतले अनुभव लिखित कवितेत आणले. या भाषांतील गाणी, कथा आणि शब्दसंग्रह जेव्हा ग्रंथरूप घेतात तेव्हा त्यांची पहिली प्रत धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या शाळेत पोहोचावी, महानगरातील दालनात नंतर पोहोचली तरी चालेल, असा क्रम राखला गेला पाहिजे.

आपल्या दारातील मर्यादित आवृत्त्या

मर्यादित आवृत्ती ही दूरच्या श्रीमंत संग्राहकांची गोष्ट आहे असे समजून प्राध्यापकवर्गाने निश्चिंत राहणे योग्य नाही. आपल्या व्यवहारात तिची दोन रूपे सर्रास आढळतात.

पहिले रूप गौरवग्रंथाचे. एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीच्या षष्ट्यब्दीनिमित्त किंवा अमृतमहोत्सवानिमित्त गुळगुळीत कागदावरील, रंगीत छायाचित्रांनी भरलेला जाडजूड ग्रंथ निघतो. त्याला किंमत नसते, देणगीमूल्य असते. तो घेणाऱ्यांत संबंधित संस्थांचे कर्मचारी, पुरवठादार आणि ग्रंथालये यांचा भरणा असतो. येथे टंचाईचे आमिष नसते. येथे असते ती सत्तेची भीड. खरेदी करणाऱ्याची संमती मोकळी नसेल तर किंमत कितीही वाजवी असली तरी ती विक्री नैतिक म्हणता येत नाही. गौरवग्रंथांत कधीकधी मोलाचे संशोधनपर लेखही असतात; असे लेख त्या जाड पुठ्ठ्यांआड कायमचे गाडले जातात, हे दुहेरी नुकसान होय.

दुसरे रूप आपल्याच शोधग्रंथांचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन पदोन्नतीशी जोडले. तेव्हापासून प्रबंधाचे पुस्तक करण्याची निकड वाढली. अनेकदा अशा पुस्तकाच्या मोजक्याच प्रती निघतात, किंमत ग्रंथालयांच्या अंदाजपत्रकाकडे पाहून ठरते आणि प्रती वाटपात संपतात. त्यावर कोणी क्रमांक घालत नाही, पण वस्तुतः ती मर्यादित आवृत्तीच असते. आणि तिला सुंदर वस्तू असल्याचे समाधानही नसते. ज्या पाड्यांवर फिरून माहिती गोळा केली, त्या पाड्यावरील शिकलेल्या तरुणाला ते पुस्तक कधी दिसत नाही. सुदैवाने २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक केले आणि 'शोधगंगा' या भांडारातून असे प्रबंध विनामूल्य खुले झाले. परंतु पुस्तकाच्या श्रेयपृष्ठावर मूळ प्रबंध तेथे उपलब्ध असल्याची साधी नोंदही क्वचितच आढळते.

या दोन रूपांच्या पार्श्वभूमीवर मराठी ग्रंथव्यवहाराची एक वेगळी परंपराही स्मरणात ठेवावी लागते. १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय अल्प किमतीत उपलब्ध करून दिले. सत्तरच्या दशकात ग्रंथालीने वाचक चळवळ उभी करून 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) यांसारखी पुस्तके दूरवर पोहोचवली. राज्य शासनाने १९७९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले. मात्र या खंडांची छपाई रेंगाळल्याच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. कोणीही मर्यादा जाहीर न करता केवळ दिरंगाईने एखादा ग्रंथ मर्यादित होऊ शकतो, हे यातून दिसते. खासगी प्रकाशकाच्या सोनेरी कडांपेक्षा सार्वजनिक संस्थेची रिकामी मांडणी वाचकाचे अधिक नुकसान करते.

चार कसोट्या

वरील विवेचनावरून विशेष मर्यादित आवृत्तीच्या विक्रीला लावता येतील अशा चार कसोट्या निष्पन्न होतात.

पहिली, मजकुराची वाट. विशेष आवृत्तीबरोबर किंवा तिच्यानंतर वाजवी काळात साधी आवृत्ती निघाली पाहिजे. विशेष आवृत्तीत जादा प्रकरण, पत्रे किंवा चित्रे घातली असतील तर तीही पुढे अन्यत्र उपलब्ध व्हावीत; अन्यथा मजकुराचा एक तुकडा कोंडला जातो.

दुसरी, संख्येचा खरेपणा. एकूण प्रती किती, लेखक-प्रकाशकांसाठी राखून ठेवलेल्या किती, पुनर्मुद्रण होणार काय, हे श्रेयपृष्ठावर स्पष्ट असावे.

तिसरी, संमतीचे मोकळेपण. खरेदी वस्तूच्या सौंदर्यासाठी व्हावी. खोट्या तातडीमुळे, भिडेमुळे किंवा पुढे दर वाढेल या आश्वासनामुळे नव्हे.

चौथी, लाभाची वाटणी. लेखक, चित्रकार, बांधणीचा कारागीर आणि ज्या समूहाकडून सामग्री आली तो समूह यांना वाढीव किमतीतील वाटा आणि योग्य श्रेय मिळावे.

या चारांत पहिली कसोटी मूलभूत आहे. उरलेल्या तीन पाळल्या गेल्या आणि पहिली मोडली, तर प्रामाणिकपणे विकलेली वंचना एवढेच त्या व्यवहाराचे वर्णन करावे लागेल.

समारोप

महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या दृष्टीने या कसोट्यांचा व्यावहारिक अर्थ सोपा आहे. ग्रंथनिवड समितीपुढे विशेष आवृत्ती आली असता तिची साधी आवृत्ती उपलब्ध आहे काय, हे प्रथम पाहावे. असल्यास एका विशेष प्रतीच्या किमतीत साध्या प्रती किती येतात याचा हिशेब टिपणात नोंदवावा. अपवाद फक्त त्या ग्रंथांचा, ज्यांत चित्र, नकाशा किंवा छपाई हाच अभ्यासविषय आहे. आणि अशी प्रत घेतलीच तर ती कुलूपबंद कपाटात न ठेवता वाचनकक्षात विद्यार्थ्यांना हाताळू द्यावी. प्राध्यापकांनी स्वतःच्या ग्रंथाबाबत करार करताना साध्या आवृत्तीची आणि ठरावीक मुदतीनंतर मजकूर खुला करण्याची अट घालावी, तसेच क्षेत्रकार्य झालेल्या गावच्या शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी काही प्रती राखून ठेवाव्यात.

सुंदर ग्रंथ निर्माण करणाऱ्या कारागिराचा सन्मान आणि साध्या प्रतीची वाट पाहणाऱ्या वाचकाचा हक्क यांत मुळात विरोध नाही. एकाच्या किमतीतून दुसऱ्याची प्रत स्वस्त करता येते, हे वर दाखवले आहे. तसे करावयाचे की नाही हा निर्णय मात्र प्रत्येक वेळी माणसांनाच घ्यावा लागतो, आणि ग्रंथ लिहिणारे, निवडणारे व विकत घेणारे म्हणून त्या माणसांत आपलाही समावेश होतो.